आत लाकूड नाही

नलू, तुझ्या बेसण्याला, म्हणजे इकडच्या शोकसभेला, मी सव्वादोन तास उभा होतो. लोकांना वाटलं, थोरला भाऊ आहे, धाकटी बहीण गेली, बसवत नाही बिचाऱ्याला. दोघा-तिघांनी येऊन खांद्यावर हात ठेवला. "बेसो ने, मोटाभाई," म्हणाले. मी नुसती मान हलवली. खरं कारण एकट्या तुला कळलं असतं, आणि तू हार घालून फोटोत बसली होतीस. मंडपवाल्याच्या खुर्च्या कमी पडल्या, म्हणून तुझ्या मुग्धाने आतून तुझी स्टुलं आणून मांडली. माझ्यापुढे आलं ते पांढरट, कडेला तपकिरी झालेलं, बुरशीचं. सहा वर्षांत मी तुझ्या एकाही स्टुलावर बसलो नव्हतो. आता तू गेलीस म्हणून बसायचं, हे काही मला पटेना.

बुरशी म्हटलं की तू चिडायचीस. "दादा, कवक म्हण. नाहीतर मायसेलियम म्हण." कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काचेच्या बशा धुतल्यास आणि निवृत्त झाल्यावर निजामपुऱ्याच्या घराची मागची खोली ओल्या पोत्यांनी भरून टाकलीस. कपाशीच्या काड्यांचा चुरा, भाताचं तूस, माझ्या कारखान्यातला भुसा, सगळं उकडायचं, गार करायचं, त्यात अळिंबीचं बियाणं कालवायचं आणि साच्यात दाबून अंधारात ठेवून द्यायचं. आठ-दहा दिवसांत त्यात पांढरे धागे पसरतात आणि सगळा चुरा एकमेकांना धरून बसतो. मग साचा काढायचा, वस्तू वाळवायची, भाजायची. खिळा नाही, डिंक नाही, सांधा नाही. रावपुऱ्यात बाबांच्या वेळेपासून फर्निचर करणाऱ्या माणसाला हे कोणी सांगितलं तर तो काय म्हणेल? मी म्हणालो, "यात काहीतरी लबाडी आहे." आणि तरी तुझे सगळे साचे मीच करून दिले, हेही खरं.

माझ्या शंकेखोरपणाला तू आयुष्यभर हसलीस. पण तो मला लावला कोणी? मी चौदाचा, तू नऊची. बाबांचा काटकोन बघायचा शिसवी मुठीचा गुण्या तुझ्या हातून पडला आणि मुठीतून सुटला. तू तो डिंकाने चिकटवलास, पुसून पुसून चकचकीत केलास आणि खुंटीला परत लावून ठेवलास. चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही. त्या गुण्याने मी माझी पहिली चौकट आखली. ती केसभर तिरकी आली. बाबांनी मला धपाटा घातला, गुण्याला नाही. दोन वर्षांनी दिवाळीच्या साफसफाईत तू हसत हसत कबूल केलंस. तेव्हापासून तू काहीही "आपोआप चिकटलं" म्हणालीस की माझ्या मनात पाल चुकचुकते. यात माझं काय चुकलं ते सांग.

बाबांचा आणखी एक नियम तुला आठवत असेल. खुर्ची असो, पाट असो, झोपाळ्याची फळी असो, करणाऱ्याने आधी स्वतः बसायचं, मग गिऱ्हाइकाला बसवायचं. गिऱ्हाईक दारात उभं असायचं आणि बाबा आपले खुर्चीत बसून पानाला चुना लावायचे. तूही हा नियम पाळायचीस. प्रत्येक स्टूल झालं की तू आधी त्याच्यावर बसायचीस, चहा प्यायचीस आणि मग माझ्याकडे बघून म्हणायचीस, "आता तू बस ना, दादा." मी म्हणायचो, "उभाच बरा आहे." तुला वाटायचं मी चेष्टा करतोय. नलू, मी चेष्टा करत नव्हतो. माझ्या ऐंशी किलोखाली ते मोडलं असतं तर तुझं तोंड कसं झालं असतं, ते मला बघायचं नव्हतं. आणि मोडलं नसतं तर माझं तोंड कसं झालं असतं, तेही तुला दाखवायचं नव्हतं. हे मी तुला कधी बोललो नाही.

स्टुलांबद्दल मला निदान एवढी खात्री होती की ती नीट भाजलेली आहेत. तुमच्या गल्लीतल्या युसुफभाईंच्या बेकरीत दुपारी भट्टी उतरायला लागली की तू रिक्षातून स्टुलं घेऊन जायचीस. न भाजता ठेवलं तर आतली बुरशी मरत नाही, नुसती झोपते आणि ओल लागली की पुन्हा उठते, हे तूच मला शिकवलंस. तुझ्या स्टुलांना नानखटाईचा वास यायचा. मुग्धाच्या मैत्रिणी वास घेऊन घेऊन बसायच्या. मी लांबूनच घ्यायचो.

मग तू तो बाक केलास. साडेचार फुटांचा, दोन्ही बाजूंना रुंद पाय आणि मधे काहीच आधार नाही. साचा माझा होता, म्हणून माप मला माहीत. साचा देतानाच मी म्हणालो होतो, "नलू, एवढं अंतर सागाची फळीसुद्धा जाडी बघून घालावी लागते. हे मधे वाकणार." तू म्हणालीस, "बघू." आणि साचा भरायच्या दिवशी तू मला बोलावलं नाहीस. दर वेळी बोलवायचीस. त्या वेळी मात्र मुग्धाचा फोन आला, "मामा, भरून झाला." तिथेच मला संशय आला. न बोलावता भरायचं कारण काय?

अलकापुरीत हेतलबेनच्या हॉलमध्ये तू तो मांडलास. हेतलबेन म्हणजे कचेऱ्या सजवून देणारी बाई, बोलायला गोड, कामाला चोख. त्या बाकावर एका वेळी तीन माणसं बसली, त्यातले एक युसुफभाई, म्हणजे दोन धरा. बाक हलला नाही. मी खाली वाकून, मान तिरकी करून बघत होतो. सुताराचा डोळा आहे, सूतभर झोल कळतो. झोल नव्हताच. लोक टाळ्या वाजवत होते आणि मला वाटलं, झालं, गुण्याचीच गोष्ट पुन्हा. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "आत फळी घातलीय हिने."

तू लाल झालीस. पण आवाज चढवला नाहीस. "दादा, कापून बघ. करवत तुझ्याकडेच आहे."

मी कापलं नाही. घरी निघून आलो. त्यानंतर तू दर रविवारी रावपुऱ्यात यायचीस, ती आली नाहीस. मीही फोन केला नाही. मला वाटायचं, ही येईल आणि कबूल करेल, मागच्यासारखी हसत. राखीलाही तू आली नाहीस. राखी मुग्धाच्या हाती पाठवलीस, पाकिटात कुंकू आणि अक्षता. चिठ्ठी असेल म्हणून मी पाकीट उलटं करून झटकलं, आत बोट घालून बघितलं. चिठ्ठी नव्हती. राखी मुग्धाकडूनच बांधून घेतली. सहा दिवसांनी दुपारी तिचाच फोन आला. मी निजामपुऱ्याला पोचलो तेव्हा तू मागच्या खोलीच्या दारात चटईवर होतीस आणि तुझ्या नखांत तूस अडकलेलं होतं. मला वाईट वाटलं, आणि तुझा रागही आला. असं भांडण अर्धवट टाकून कोणी जातं का?

बेसण्यानंतर तीन दिवसांनी हेतलबेन आली. डोळे पुसून झाल्यावर म्हणाली की बाक तिच्या नव्या कचेरीच्या दारात ठेवायचाय, कायमचा, शेजारी तुझं नाव लिहून. मुग्धाला भरून आलं. तुझं नाव कुठेतरी लागणार, ही गोष्ट लहान नव्हती. कॉलेजात तीस वर्षांत तुझं नाव फक्त हजेरीपटावर होतं. मग हेतलबेनने कागद काढला. "काका, साचा तमारो छे ने? तो एटलुं लखी आपो के अंदर लाकडुं नथी, लोखंड नथी, गुंदर नथी. अने शेकेली छे." गुंदर म्हणजे डिंक, शेकेली म्हणजे भाजलेली. बाकासाठी ते चारही शब्द तिला हवे होते, आणि ते लिहू शकेल असा माणूस उरला होता तो मी.

मुग्धाने पेन पुढे केलं. मी म्हणालो, "न बघता मी सही करत नाही."

हेतलबेनने मुग्धाकडे बघितलं, मुग्धाने जमिनीकडे. मी दगडासारखा आहे असं त्यांना वाटलं असणार. पण तूच सांग, खोटं लिहून तुझं नाव लावायचं आणि उद्या कोणी तो बाक फोडला आणि आतून प्लायवूड निघालं तर? मग नाव पुसायला कोण जाणार? आणि खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. मला जाणून घ्यायचं होतं. तू गेल्यावरही मला तुझ्यावर जिंकायचं होतं, नलू. याची लाज वाटते, पण होतं ते तसंच होतं.

बाक हॉलमधून परत तुझ्याच घरी आलेला होता, पण लगेच करवत उचलली नाही. आधी लोहचुंबक फिरवलं, लागलं नाही. मग खालच्या अंगाने बारीक गिरमिट घातलं, दोन ठिकाणी. बाहेर आला तो सागाचा भुसा. मी तो तळहातावर घेऊन उन्हात धरला. फळीला भोक पडलं म्हणून हा आला, की मीच पोती भरभरून तुला दिलेला भुसा होता? कळायला काही मार्ग नव्हता. माझाच माल माझ्याविरुद्ध साक्ष देत होता, किंवा माझ्या बाजूने, तेही कळेना. मुग्धा उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, "मामा, आईने तुम्हाला सांगितलंच होतं ना. कापा."

टोकापासून वीतभर आत, पायाच्या अगदी बाहेरून कापला. तिथे खालून आधार असतो, म्हणजे निदान बाकीचा तरी शाबूत राहावा. करवत सुरुवातीला मऊ गेली आणि मग अडकायला लागली. माझ्या मनात आलं, आली फळी. मी जोर लावला. टोक सुटून खाली पडलं आणि मी गुडघ्यावर बसून आत बघितलं.

फळी नव्हती. पट्टी नव्हती, कामट्या नव्हत्या, काही नव्हतं. चुऱ्याचे थर होते, आणि दोन थरांच्या मधे गोणपाट. एकाखाली एक, ताणून, सुरकुती न पडू देता घातलेलं. पांढरे धागे त्याच्या विणीतून आरपार गेले होते. खालच्या अंगाला जास्त थर, वरच्या अंगाला कमी, कारण बाक वाकतो तेव्हा ताण खालून पडतो, हे तुला नेमकं माहीत होतं. आणि उघड्या पडलेल्या सगळ्यात खालच्या थरावर निळ्या रंगातला अर्धा गोल आणि त्यात अर्धा "प्र".

माझी पोती. सहा वर्षं मी तुला त्यांतून भुसा पाठवत होतो आणि दर वेळी बजावत होतो, पोती परत दे. पोती हरवतात म्हणून प्रत्येकावर माझ्या नावाचं पहिलं अक्षर रंगवून ठेवलं होतं. तू म्हणायचीस, "देते रे." मला वाटायचं भंगारवाल्याला देऊन टाकतेस. तर ती इथे होती. म्हणून तू मला भरायच्या दिवशी बोलावलं नाहीस. मी दारातच ओरडलो असतो, माझी पोती कापलीस म्हणून.

मी तिथेच बसून राहिलो. मुग्धा केरसुणी घेऊन आली आणि भुसा गोळा करायला लागली. तुझा सगळ्यात मोठा बाक, एकच होता, आणि तो मी कापला होता. आत लाकूड नाही, हे आता मी छातीवर हात ठेवून लिहून दिलं असतं. पण लिहायचं कशाबद्दल, बाकच उरला नव्हता. मला रडू आलं. मुग्धासमोर आलं, लपवलं नाही.

मग मला वास आला. कापलेल्या तोंडाला नाक लावलं. नानखटाईचा नाही. ओल्या मातीचा, कच्च्या अळिंबीचा. आता माझ्या शंकेला दुसरा धागा मिळाला. तू मला सांगितलं होतंस की बाक मकरपुऱ्याला एका रंगकामवाल्याच्या मोठ्या भट्टीत भाजला. तुझं भाजण्याचं सगळं युसुफभाईंना माहीत असायचं, म्हणून मी तसाच उठून बेकरीत गेलो. युसुफभाई म्हणाले, "बेन की बेंच मेरी भट्टी में कहां से आती, दरवाजा ही छोटा. बेन तो बोली, धूप में ही सुखाती हूं." परत येऊन मुग्धाकडे बघितलं. ती म्हणाली, "वर अगाशीत, उन्हात वाळवला, मामा. मे महिन्यात बारा दिवस, सकाळ-संध्याकाळ उलटापालटा करून. आई म्हणाली, दादाला सांगू नकोस, तो शंका काढत बसेल."

म्हणजे खोटं तू बोललीच होतीस. फक्त मी समजत होतो ते नाही, दुसरंच. मला कसं बरं वाटलं सांगू? तू गेल्यापासून पहिल्यांदा वाटलं की तू इथेच कुठेतरी आहेस, चेहऱ्यावरची रेष न हलवता.

बाक भाजला नव्हता, म्हणजे आतली बुरशी मेली नव्हती. मेली नव्हती, म्हणजे तू मला शंभर वेळा सांगितलेली आणि मी शंभर वेळा उडवून लावलेली गोष्ट करून बघायला हरकत नव्हती. "जिवंत असताना दोन तुकडे शेजारी ठेवले ना दादा, की ते एकमेकांना धरतात." मी म्हणायचो, "मागून डिंक लावत असशील." आता मी आणि मुग्धाने दोन्ही तोंडं उकळून गार केलेल्या पाण्याने ओली केली, मधे थोडा उकडलेला कोंडा घातला. नुसत्या तोंडातोंडावर माझा अजून विश्वास नव्हता. म्हणून कारखान्यातून एक नवं पोतं आणलं, माझ्या खुणेचं, उकळत्या पाण्यातून काढलं आणि सांध्याखाली पट्टी करून, कालवलेल्या चुऱ्यात बसवलं. बियाणं तुझ्या खोलीत शिल्लक होतंच. चार क्लॅम्प लावले, ओल्या कापडात गुंडाळलं, दार लावून घेतलं.

मुग्धा तुझी मुलगी. म्हणून मी रोज सकाळी रावपुऱ्याहून स्कूटरने यायचो आणि कापडाची गाठ बघायचो, माझीच आहे ना. तिला कळलं. म्हणाली, "मामा, डिंक घरात नाहीये." मी म्हणालो, "असू दे, गाठ बघायला काय जातं." ती हसली. तू गेल्यानंतर तिला मी पहिल्यांदा हसताना बघितलं.

दहाव्या दिवशी गाठ सोडली. करवतीची रेघ मला पाठ होती, पेन्सिलने दोन्हीकडे खूण केली होती. खुणा दिसत होत्या, रेघ दिसत नव्हती. तिच्यावरून पांढरा पापुद्रा गेला होता, दुधावर साय येते तसा. नखाने खरवडून बघितलं, अंगठ्याने दाबून बघितलं. क्लॅम्प काढून एक टोक उचललं, तर दुसरं बरोबर उठलं. मी ते खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. मग पुन्हा. मुग्धा म्हणाली, "किती वेळा, मामा?" मला मोजायचं सुचलंच नाही.

त्यानंतर आठवडाभर पंख्याखाली आणि मिळेल तेवढ्या उन्हात वाळवला. आज तुला जाऊन सव्वीस दिवस झाले. हेतलबेन चारला टेम्पो घेऊन येणार आहे. तिला फोनवर सगळं सांगितलं, कापल्याचंसुद्धा. म्हणाली, "चालशे, काका. जे साचुं होय ते लखो." तेव्हा जे खरं तेच मी कागदावर लिहिलंय: आत लाकूड नाही, लोखंड नाही, डिंक नाही, मी स्वतः कापून बघितलं आहे. गोणपाट आहे, ते माझं आहे. भाजलेला नाही. आतून जिवंत आहे, ओल लागू देऊ नये, पावसाळ्यात अळिंबी आली तर घाबरू नये, मला बोलवावं. बाक नलूचा, एक सांधा तिच्या भावाचा. खाली सही केली.

सही केल्यावर बाबांचा नियम आठवला. एक सांधा माझा, म्हणजे करणाऱ्यांत आता मीही आलो. गिऱ्हाईक यायच्या आधी बसायला हवं, आणि तू काही बसू शकत नाहीस.

नलू, हे सगळं मी तुझ्या बाकावर बसून लिहितोय. तासभर झाला. उजव्या हातात पेन आहे आणि डावा हात भिंतीला धरलेला आहे, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. बाक हललेला नाही. मुग्धाने चहा आणून शेजारी ठेवलाय आणि कप घ्यायचा तर भिंत सोडावी लागेल.

सोडतो.